‘वज्राघाता’तील सत्तातृष्णा आणि वऱ्हाडचा तुफालखान

इ. स. १५६५च्या जानेवारी महिन्यात कृष्णेच्या परिसरात विजयानगरचे सैन्य आणि दक्षिणेतील सुलतानांच्या संयुक्त फौजा यांच्यात जो संग्राम झाला, त्यात अहमदनगर, विजापूर, गोवळकोंडे व बीदर ही चार राज्ये एका बाजूस होती. बहमनी राज्याच्या विघटनातून निर्माण झालेल्या शाह्या मात्र पाच. पाचवी, म्हणजे वऱ्हाडची इमादशाही, या मोहिमेत उतरली नाही. तालिकोटच्या लढाईविषयीच्या लेखनात या अनुपस्थितीची दखल बहुधा एका वाक्यात घेतली जाते व विषय पुढे सरकतो. तथापि तिचे कारण शोधू गेल्यास ते विजयानगरच्या रामराजाच्या सत्ताव्यवहारातच सापडते. आणि तो सत्ताव्यवहार हाच हरि नारायण आपटे यांच्या ‘वज्राघात’ या कादंबरीचा गाभा आहे. ही कादंबरी हरिभाऊंनी १९१३ ते १९१५ या काळात लिहिली. मराठीतील ऐतिहासिक कादंबऱ्यांत शोकात्म रचना म्हणून तिचे स्थान वरचे मानले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु तिने विजयानगरच्या विनाशाची जी कारणमीमांसा सुचविली आहे, ती इतिहासाच्या कसोटीस कितपत उतरते, हे पाहण्यासाठी विजयानगरपेक्षा वऱ्हाडकडे वळणे अधिक उपयुक्त ठरते.

प्रथम कारण पाहू. १५६०च्या सुमारास रामराजाने विजापूरच्या अली आदिलशाहाला हाताशी धरून अहमदनगरवर स्वारी केली. हुसेन निजामशाहाच्या मदतीस वऱ्हाडची कुमक आलेली होती. तिचा सेनापती जहांगीरखान याने वेढा घालणाऱ्या सैन्याची रसद तोडून त्याला हैराण केले. शेवटी हुसेनने तहाची याचना केली, तेव्हा रामराजाने तीन अटी घातल्या, असे फरिश्ता सांगतो. कल्याणीचा किल्ला विजापूरला द्यावा. जहांगीरखानाला ठार मारावे. आणि हुसेनने स्वतः छावणीत येऊन रामराजाच्या हातून विडा स्वीकारावा. हुसेनने तिन्ही अटी मान्य केल्या. आपल्या मदतीस आलेल्या सेनापतीला त्याने स्वतःच मारविले. विशेष हे की, हुसेन निजामशाह हा वऱ्हाडच्या दर्या इमादशाहाचा जावई होता. पुढे रामराजाविरुद्ध सर्व शाह्यांची एकजूट झाली, तेव्हा वऱ्हाडने निजामशाहाच्या खांद्याला खांदा लावण्याचे नाकारले, यात आश्चर्य वाटण्याचे कारण नाही.

या तीन अटींतील तिसरी सर्वांत बोलकी आहे. पहिलीने प्रदेश मिळत होता, दुसरीने लष्करी काटा दूर होत होता. तिसरीने काहीही मिळत नव्हते. तिचा हेतू केवळ दुसऱ्या राजाला वाकविणे एवढाच होता. भेटीच्या प्रसंगी रामराजाच्या हाताचा स्पर्श झाल्यावर हुसेनने पाणी मागवून हात धुतले आणि मग रामराजानेही संतापाने तसेच केले, अशी हकिगत त्याच ग्रंथात आहे. फरिश्ता हा आधी अहमदनगरच्या व नंतर विजापूरच्या आश्रयास असलेला इतिहासकार; म्हणजे विजेत्यांच्या दरबारात बसून लिहिणारा. रामराजाच्या उद्दामपणाचे त्याने रंगविलेले चित्र म्हणूनच सावधपणे घ्यावयास हवे. तरीही विड्याची अट त्याने मुळातून रचली असेल असे वाटत नाही. कारण तिच्यात आपल्याच पक्षाच्या सुलतानाची नामुष्की आहे, आणि आश्रित इतिहासकार अशा गोष्टी सहसा कल्पनेने निर्माण करीत नाहीत.

हरिभाऊंचा रामराजा याच वृत्तीचा आहे. परंतु ती वृत्ती कोठून आली याचे उत्तर कादंबरीकाराने स्वतःचे दिले आहे. तरुण रामराजा मेहेरजान या मुसलमान युवतीच्या प्रेमात पडतो, आणि राजकन्येशी विवाह करून सत्तेजवळ जाण्याची संधी येताच तिचा त्याग करतो. तिचा पुत्र रणमस्तखान शत्रुपक्षाकडून विजयानगरास येतो आणि पित्याच्या विनाशास पुत्रच कारणीभूत होतो. साम्राज्याच्या नाशाचे बीज अशा रीतीने एका खासगी विश्वासघातात पेरले आहे. पुढे जे घडते ते त्या एका पापाचे क्रमाने मोठे होत गेलेले फळ होय. सत्तेसाठी पहिल्या वेळी माणूस टाकून देता येते हे ज्याला कळले, तो पुढे कोणालाही टाकून देऊ शकतो, हा या रचनेचा तर्क आहे. शोकांतिकेच्या दृष्टीने तो निर्दोष आहे. मेहेरजान इतिहासात नाही. पण तिच्यामुळे एक मोठी गोष्ट साधली आहे, ती अशी की, तालिकोटची लढाई दोन धर्मांतील अटळ संघर्ष म्हणून न दिसता एका माणसाच्या महत्त्वाकांक्षेचा परिणाम म्हणून वाचकासमोर येते. १९१५च्या सुमारास मराठीत हा विषय हाताळताना अशी दृष्टी ठेवणे हे सोपे नव्हते.

आता ऐतिहासिक रामराजाकडे वळू. कृष्णदेवराय १५२९ मध्ये व त्याच्यामागून गादीवर आलेला अच्युतदेवराय १५४२ मध्ये मरण पावला. त्यानंतर अच्युताच्या अल्पवयीन पुत्राच्या नावाने सालकराज तिरुमल याने सत्ता बळकावली व त्या मुलाचाही नाश केला. या जुलमी माणसाला दूर करून राजवंशातील सदाशिवाला सिंहासनावर बसविणारा रामराय त्या वेळी राज्याचा उद्धारकर्ता होता, हे विसरता कामा नये. कृष्णदेवरायाचा तो जामात. कन्नडमध्ये जावयाला ‘अळिय’ म्हणतात, आणि ‘अळिय रामराय’ या नावानेच तो इतिहासात ओळखला जातो. नात्याचा शब्द नावाचा भाग होऊन बसला, याचा अर्थ ज्या हक्काने तो तेथे होता तो हक्क लोक कधी विसरले नाहीत, आणि त्यालाही विसरू दिला नाही. सदाशिव वयात आल्यावर रामरायाने सत्ता सोडली नाही. उलट त्याला पहाऱ्यात ठेवले. कोरीव लेखांत महाराज म्हणून सदाशिवाचे नाव येत राहिले. १५६७ मध्ये, म्हणजे विनाशानंतर दोन वर्षांनी, विजयानगरात येऊन राहिलेला व्हेनिसचा व्यापारी सीझर फ्रेडरिक लिहितो की, रामराय आणि त्याचे दोघे भाऊ राज्य चालवीत आणि खऱ्या राजाला वर्षातून एकदा लोकांना दाखवीत.

वर्षातून एकदा दाखविणे आवश्यक होते, हे येथे महत्त्वाचे आहे. दुसऱ्याच्या नावाने राज्य करणाऱ्याला तो दुसरा जिवंत हवा असतो, आणि दृष्टीआडही हवा असतो. अशा सत्तेला स्वतःची अशी मर्यादा नसते. कारण राजावर परंपरेने जी बंधने असतात ती राजाच्या नावावर राहतात आणि अधिकार मात्र दुसऱ्याच्या हातात जातात. रामरायाचा एकतंत्रीपणा वाढत गेला तो यामुळे. सुलतानांना आपसांत झुंजविण्याचे त्याचे धोरण वीस वर्षे यशस्वी झाले, पण ते त्याच्या एकट्याच्या बुद्धीवर चालले होते. गोवळकोंड्याचा इब्राहिम कुत्बशाह राज्यावर येण्यापूर्वी सात वर्षे त्याच्याच आश्रयास होता. अली आदिलशाहाला तो पुत्र म्हणवीत असे. ही नाती व्यक्तिगत होती. ती तुटली तेव्हा ती सावरणारा दुसरा कोणीही विजयानगरात नव्हता.

लढाईतील एक प्रसंग फरिश्त्याने दिला आहे. पालखीत बसून युद्ध पाहणारा वृद्ध रामराजा मध्येच पालखीतून उतरला, रत्नजडित सिंहासनावर बसला आणि सैनिकांना बक्षिसे देण्यासाठी द्रव्याचे ढीग भोवती रचविले. नगरातील सिंहासन ज्याच्या नावे होते तो सदाशिव. आपले सिंहासन रामराजाने रणभूमीवर मांडले. थोड्याच वेळात निजामशाही तोफखान्याच्या माराने आघाडी ढासळली. तो पुन्हा पालखीत बसला असता एक हत्ती अंगावर येताना पाहून भोई पालखी टाकून पळाले. रामराजा पकडला गेला, आणि हुसेन निजामशाहाच्या आज्ञेने त्याचे मस्तक उतरविण्यात आले. ज्याला त्याने विडा घ्यावयास लावला होता त्यानेच ही आज्ञा दिली.

येथे शब्दांकडे थोडे लक्ष दिले पाहिजे, कारण दक्षिणेतील या काळाचा स्वभाव त्यांत साठलेला आहे. ज्या शाह्यांनी विजयानगर पाडले त्यांची नावे मुळात नोकरांच्या पदव्या आहेत. निजाम-उल्-मुल्क म्हणजे राज्याची व्यवस्था, कुत्ब-उल्-मुल्क म्हणजे राज्याचा आस, इमाद-उल्-मुल्क म्हणजे राज्याचा आधारस्तंभ. बरीद या शब्दाचा मूळ अर्थ तर टपाल वा जासूद असा आहे. बहमनी सुलतानांनी आपल्या सरदारांना दिलेल्या या पदव्यांतील ‘मुल्क’ गेला, त्या जागी ‘शाह’ आला, आणि राजवंश तयार झाले. आधारस्तंभ स्वतःच छप्पर होऊन बसला. बीदरला तर कासीम बरीद आणि त्याचा मुलगा अमीर बरीद यांनी एकामागून एक बहमनी सुलतान नावापुरते गादीवर ठेवून राज्य केले. म्हणजे विजयानगरात रामरायाने जे केले ते तेथे नवे असले, तरी कृष्णेच्या उत्तरेस दोन पिढ्यांपूर्वीचे होते. रामरायाने तारुण्यात गोवळकोंड्याच्या कुत्बशाहाची चाकरी केली होती, असे गोवळकोंड्याच्या इतिहासातून दिसते. तेथे तो काय शिकला असेल याचा तर्क ज्याने त्याने करावा. मराठीतील ‘मुखत्यार’, ‘कारभारी’ आणि ‘पेशवा’ हे तिन्ही शब्दही याच फारसी राज्यव्यवहारातून आलेले. आणि अठराव्या शतकात साताऱ्याच्या किल्ल्यात बसलेल्या छत्रपतीचे नाव रामराजाच असावे, हा योगायोग मराठी वाचकाला सहज आठवेल. फरक इतकाच की तेथे रामराजा कोंडलेला होता आणि येथे कोंडणारा.

वऱ्हाडचा मूळ पुरुष फतहुल्ला इमाद-उल्-मुल्क. फरिश्त्याच्या सांगण्यानुसार तो विजयानगरच्या मुलखातील एका कानडी ब्राह्मणाचा मुलगा; लढाईत पकडला जाऊन बालपणीच मुसलमान झालेला. पंधराव्या शतकाच्या अखेरीस तो स्वतंत्र झाला. अचलपूर ही त्याची राजधानी, गाविलगड व नरनाळा हे त्याचे आधार. त्याच्यानंतर अलाउद्दीन, दर्या आणि बुऱ्हाण असे तीन पुरुष गादीवर आले. यांपैकी शेवटचा बुऱ्हाण १५६२च्या सुमारास गादीवर आला तेव्हा लहान मूल होता. कारभार तुफालखान या सरदाराच्या हाती गेला. त्याने बालराजाला नरनाळ्याच्या किल्ल्यात कोंडले आणि काही काळाने राजचिन्हेही स्वतःच धारण केली.

म्हणजे १५६५ मध्ये, कृष्णेच्या काठी रामराजा आपल्या सत्तेचे मोल देत असता, अचलपुरात तुफालखान तोच प्रयोग करीत होता. त्याच्या प्रयोगात मेहेरजान नाही, पुत्राच्या हातून होणारा सूड नाही, धर्मभेदाचा प्रश्नही नाही. राजा आणि मुखत्यार दोघेही एकाच दरबाराचे, एकाच धर्माचे. त्यामुळे हे उदाहरण अधिक शुद्ध आहे. कादंबरीच्या कारणमीमांसेची परीक्षा याच ठिकाणी होते. सत्तातृष्णेचे मूळ जर एका माणसाच्या हृदयातील विश्वासघातात असेल, तर एकाच दशकात, परस्परांशी संबंध नसलेल्या दोन दरबारांत, दोन भिन्न स्वभावांची माणसे हुबेहूब एकच कृत्य का करतात? अहमदनगरातही हुसेन १५६५ मध्येच वारल्यावर अल्पवयीन मुर्तजाच्या नावाने त्याची आई खुंजा हुमायून सहा वर्षे राज्य करीत होती; शेवटी मुर्तजाला तिलाच कैद करून सत्ता घ्यावी लागली. राजा अल्पवयीन असता सत्ता कोणी, किती काळ आणि कोणास जबाबदार राहून चालवावी, याचे उत्तर या राज्यांपैकी एकाकडेही नव्हते. त्या रिकाम्या जागेत जो उभा राहील त्याला सत्तेची तृष्णा लागणार. स्वभाव चांगला असो वा वाईट. हरिभाऊंनी माणूस पाहिला, आणि कादंबरीकाराने माणूसच पाहावयाचा असतो. परंतु जागा त्यांच्या नजरेतून निसटली.

तुफालखानाचा शेवट रामराजाच्या शेवटापेक्षा संथ आणि अधिक दैन्याचा आहे. तालिकोटनंतर लवकरच अहमदनगर व विजापूर यांनी, वऱ्हाड मोहिमेत उतरले नाही या सबबीवर, त्याचा मुलूख लुटला. पुढे मुर्तजाचा पेशवा चंगीझखान याने विजापूरशी करार केला: अहमदनगरने वऱ्हाड व बीदर घ्यावे, विजापूरने तेवढ्याच उत्पन्नाचा कर्नाटकातील मुलूख. मग तुफालखानाकडे मागणी गेली की, बुऱ्हाण इमादशाह आता मोठा झाला आहे, त्याला मुक्त करून राज्य त्याच्या हवाली करावे. मागणी न्याय्य होती, आणि अप्रामाणिकही होती. १५७२ मध्ये स्वारी सुरू झाली. पराभूत तुफालखान कित्येक महिने वऱ्हाडच्या रानांतून व डोंगरांतून भटकत राहिला. खानदेशच्या सुलतानाने त्याला थारा दिला नाही. त्याने अकबराकडे मदत मागितली, तेव्हा अकबराचा निषेधाचा निरोप आला, पण सैन्य आले नाही. शेवटी तो नरनाळ्यात शिरला. ज्या किल्ल्यात त्याने राजाला कोंडले होते त्यातच राजा आणि मुखत्यार दोघेही वेढ्यात अडकले. १५७४ मध्ये नरनाळा पडला. त्याचा मुलगा शमशेर-उल्-मुल्क लढवीत असलेला गाविलगडही गेला.

आणि ज्याला मुक्त करण्यासाठी ही स्वारी निघाली होती तो बुऱ्हाण? त्याला मुक्त करण्यात आले नाही. तुफालखान, त्याचा मुलगा, बुऱ्हाण आणि राजकुटुंबातील इतर माणसे यांना एकत्रच निजामशाही मुलखातील एका किल्ल्यात पाठविण्यात आले आणि तेथे सर्वांचा अंत झाला. कैदेत ठेवणारा आणि कैदी यांत विजेत्याने भेद केला नाही. ज्या चंगीझखानाने हे सर्व घडविले त्याच्यावर लवकरच आरोप आला की, तो वऱ्हाडात स्वतः स्वतंत्र होऊ पाहत आहे. आरोप खोटा होता. पण मुर्तजाने त्याला विष देवविले. वऱ्हाडच्या रिकाम्या गादीजवळ जो जाईल त्याच्यावर हा संशय येणे अपरिहार्यच होते. सदाशिवरायाची गत फार वेगळी झाली नाही. रामरायाचा भाऊ तिरुमल त्याला व खजिना घेऊन पेनुकोंड्यास गेला, आणि १५७०च्या सुमारास त्याने स्वतःचाच राज्याभिषेक करून घेतला.

या सर्वांत आजचा यवतमाळ जिल्हा कोठे होता, हा प्रश्न स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकाला पडणारच. बखरकारांना तो दिसत नाही. फौजा कोणत्या रानांतून गेल्या, तुफालखान कोणत्या नाल्याकाठी दडला, हे कोणी लिहून ठेवले नाही. चांदबिबीने १५९६ मध्ये वऱ्हाड मोगलांना दिल्यानंतर ‘आईन-इ-अकबरी’मध्ये जी वऱ्हाड सुभ्याची यादी आली, तिच्यात कळंब हे एका सरकारचे ठाणे आहे, माहूर हे दुसऱ्याचे, आणि यवतमाळचे पूर्वरूप ‘योत-लोहारा’ या परगण्याच्या जोडनावात सापडते. लोहारा हे गाव यवतमाळलगत आजही आहे. या याद्यांत उत्पन्नाचे आकडे आहेत, राज्य कोणाच्या नावाने चालले याची चर्चा नाही. इमादशाही, निजामशाही व मोगलाई अशी तीन नावे सुमारे पंचवीस वर्षांत बदलली. विजयानगरच्या विनाशाला हरिभाऊ मिळाले. वऱ्हाडच्या विनाशाला तेवढ्या तोलाचा कादंबरीकार मिळाला नाही. कदाचित तुफालखानाच्या कथेत नायक होण्याजोगे कोणीच नाही, हेही त्याचे कारण असेल.

मात्र ‘वज्राघात’ प्रसिद्ध झाली तेव्हा वऱ्हाडातील वाचकाला ‘दुसऱ्याच्या नावाने राज्य’ ही कल्पना पुस्तकातून शिकण्याची आवश्यकता नव्हती. १८५३च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या व्यवस्थेखाली गेले, पण सार्वभौमत्व हैदराबादच्या निजामाचे राहिले. प्रांताला नावच ‘हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स’ म्हणजे हैदराबादने नेमून दिलेले जिल्हे असे मिळाले. ज्याने दिले त्याचे नाव पुढे, ज्याने घेतले त्याचे नाव कोठेच नाही. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने निजामाकडून दरसाल २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात हा मुलूख कायमच्या पट्ट्याने घेतला आणि १९०३ मध्ये तो मध्यप्रांताला जोडला. १९०५ मध्ये वणी जिल्ह्याचे नाव यवतमाळ झाले. जमाबंदी, न्याय, पोलीस आणि जंगल ही सर्व खाती इंग्रजांची, मालकी निजामाची. १९३६ च्या करारात तर निजामाच्या वारसाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ असा किताब देण्यात आला, आणि ज्या प्रदेशाचा तो राजपुत्र ठरला त्यातील एका तहसिलीचाही कारभार त्याच्याकडे नव्हता.